निळं झाकण

"बाटली आनली का?" असं मी विचारलं तेव्हा त्या माणसाच्या तोंडाकडे मी पाहिलं नव्हतं. तोंडाकडे पाहायचं नाही, हातातल्या पिशवीकडे पाहायचं, हा माझा तीन आठवड्यांचा नेम होता. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याच्या त्या लांब वऱ्हांड्यात लोक भिंतीला पाठ लावून बसलेले असत आणि प्रत्येकाच्या मांडीशी एक प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एक बाटली. कारण डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारत, काय फवारलं, बाटली दाखवा. मी त्यांच्याही आधी विचारत असे. गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड, आवाज हळू. "तपासाले द्या लागते, काका," म्हणायचं आणि बाटली आपल्या रेक्झिनच्या बॅगेत टाकायची. कुणी हरकत घेत नसे, उलट सुटल्यासारखं तोंड करत. तर त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मी विचारलं आणि उत्तर आलं, "आनली न बापू. तू कसा आला? तुले कोनं सांगतलं?" मातीनं भरलेले पाय, टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याला नख नाही. ते नख बैलाच्या खुराखाली गेलं त्या दिवशी मी तिथं होतो. मी वर पाहिलं. श्रावण भाऊजी होते, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पिशवी त्यांनी माझ्यापुढे धरली होती, दोन्ही हातांनी, तान्हं लेकरू कुणाच्या हातात द्यावं तशी.

मी पिशवी घेतली. हे सांगून टाकलेलं बरं. आत कोण आहे, काय झालं, हे विचारायच्या आधी माझ्या हातांनी पिशवी घेतली, बाटली काढली, बॅगेत आधीच्या सहा बाटल्यांशेजारी ठेवली आणि चेन ओढली. मग मी विचारलं, "कोन हाय आत?" तेव्हा भाऊजी रडायला लागले. माझी बहीण कांताबाई आत होती. "फवारत तं मी होतो न बापू, पंप माह्या पाठीवर. तिनं निस्तं पानी आनलं अन् औषध मोजून देल्लं. तीन झाकनं एका पंपाले. काल दुपारून डोये जळजळ करून राह्यले म्हने. गावातल्या कंपाउंडरनं डोयात थेंब टाकले. सकायी पाह्यतो तं तोंडातून फेस. मले कायी नाई झालं अन् तिले काहून झालं? मलेच व्हाले पाह्यजे होतं." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या दुसऱ्या हातात बॅग होती आणि ती मी त्यांच्यापासून जरा लांब धरली होती, हे मला आत्ताही स्पष्ट आठवतं. बाकी त्या दुपारचं काय आधी आणि काय नंतर, ह्याचा माझ्या डोक्यात नुसता गुंता आहे. झाकण बघितलं होतं का मी, बाटली घेताना? बघितलं असणार. निळं होतं.

कांताबाईला मी नुसतं बाई म्हणतो. ती मला नऊ वर्षांनी मोठी. आम्ही यवतमाळला पाटीपुऱ्यात राहत होतो तेव्हा ती एका भंगारवाल्याच्या जुन्या बाटल्या घरी आणून धुवायची आणि मी तिच्या हाताखाली. लेबल सोडवायची विद्या मला तिनं दिली. नखानं खरवडायचं नाही, गरम पाण्यात सोडा टाकायचा, बाटली बुडवून ठेवायची आणि दुसऱ्या कामाला लागायचं. "घाई केली का फाटते, बापू. त्याले सोताहून सुटू दे." आणि खरंच, घटकाभरानं लेबल पाण्यावर तरंगत असे, अख्खं, एकही कोपरा न फाटता. ती ते वाळवून माझ्या वह्यांना लावायची. माझ्या चौथीच्या गणिताच्या वहीवर खोकल्याच्या औषधाचं लेबल होतं आणि मास्तरांनी त्यावरून माझी टर उडवली होती. मला त्या वेळी बाईचा राग आला होता. पुढं भगवानरावांनी मला कामाला ठेवलं ते ह्या विद्येवरच ठेवलं. बाईला मी सांगितलं, कृषी केंद्रात लागलो. ती खूश झाली. तिनं मला विचारलं नाही की केंद्रात तू करतोस काय, आणि मीही आपणहून कशाला सांगायला जातो?

भगवानराव माणूस वाईट वाटत नाही. सगळी पंचाईत तिथंच आहे. कळंबला त्यांचं कृषी केंद्र, म्हणजे खताऔषधांचं दुकान, समोर खुर्ची टाकून बसणार, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारणार. मला ते दीपू म्हणतात. माझं नाव संघदीप, पण त्यातला संघ त्यांच्या तोंडी कधी आला नाही. म्हणता येत नव्हतं असं नाही, म्हणत नसत. पण बहिणीची विचारपूस मात्र आठवड्यातून एकदा ठरलेली. "काय म्हनते कांताबाई? बरी हाय न?" मला ते ऐकून बरं वाटायचं. दुकानामागे गोदाम, गोदामात दोन ड्रम. ते कुठून येतात, त्यांच्यात काय आहे, हे मी चार वर्षांत विचारलं नाही. माझं काम जुन्या बाटल्या धुऊन लेबलं सोडवणं, त्या भरणं, झाकणं लावणं. एका ड्रममधलं लाल झाकणाखाली, दुसऱ्यातलं निळ्या झाकणाखाली. लाल म्हणजे जहाल, निळं म्हणजे जरा नरम, एवढंच मला ठाऊक, आणि गावोगावच्या लोकांनाही तेवढंच ठाऊक. नाव नाही, गाव नाही, नुसतं "लाल द्या" किंवा "निळं द्या". त्या वर्षी बोंडअळीनं कहर केला होता आणि कपाशीची पऱ्हाटी तर अशी माजली होती की उभा माणूस आत दिसत नव्हता. औषध वरून अंगावर गळायचं. मग लोक पडायला लागले, आणि मला बाटल्या भरण्याचं सोडून बाटल्या परत आणण्याचं काम लागलं. मी कुणाला मारलं नाही, धमकावलं नाही. गुंड म्हणावं असं माझ्यात काय आहे? मी नुसता मागत होतो आणि लोक देत होते.

मानीबाईनं तर आपल्या हातानं दिली. एका तांड्यावरची म्हातारी, तिचा मुलगा बाबूसिंग गेला होता, पाचवा की सहावा दिवस असेल. मी दारात उभा राहिलो, म्हटलं सरकारी मदतीसाठी बाटली लागते. तिनं मला बसायला घोंगडी टाकली, काळा चहा दिला आणि मग फडताळातून एक गाठोडं काढलं. बाटली तिनं मुलाच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळली होती. देताना म्हणाली, "जपून नेजो बेटा. अंगाले लागू नको देजो. जहर हाय." मी गाडीवर बसलो आणि तांड्याच्या बाहेर आल्यावर थांबून चूळ भरली, का ते माहीत नाही. चहा चांगला होता. तेव्हापासून म्हणा किंवा त्याच्या आगेमागे म्हणा, माझं नाक गेलं. वास येईनासा झाला. घरात कढी लागली तरी मला कळेना. गोदामात बसून बसून असं होतं म्हणे. मला मात्र आपलं वाटत राहिलं की ते तांड्यावरच गेलं.

आतून डॉक्टरीणबाई आल्या. तरुण होत्या, बोलणं इकडचं नव्हतं, आणि डोळे झोप न झाल्यानं तांबारलेले. सुरभी मॅडम म्हणून सगळे त्यांना ओळखत. मला त्या कार्डामुळे तोंडओळखीनं मान हलवायच्या. बाटल्यांवर लेबल नाही म्हटल्यावर त्यांनाही झाकणंच शिकावी लागली होती. त्यांच्या वहीत दोन रकाने होते, लाल आणि निळा. बाटली हरवली तरी झाकणाचा रंग लोकांना पाठ असे. लाल म्हणजे एक इंजेक्शन लगेच, पुन्हा पुन्हा, माणूस सावरेपर्यंत. निळं म्हणजे ते इंजेक्शन टाळायचं, त्यानं पेशंट बिथरतो, नुसतं सलाइन लावून नजर ठेवायची. मी तीन आठवडे तिथं वावरत होतो, माझ्या कानावरून हे कितीदा तरी गेलं होतं. त्यांनी भाऊजींना विचारलं, "बाटली?" भाऊजी माझ्याकडे बोट करून म्हणाले, "याच्यापाशी देल्ली न. माहा साळा हाय." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तपासाले दिली, मॅडम." जीभ अशी सरळ चालली की मलाच नवल वाटलं. "रंग?" त्यांनी विचारलं. "निळं झाकन," भाऊजी म्हणाले. "निळंच दे म्हनलं मी गावच्या दुकानात. एक तं ते नरम, अन् दुसरं म्हंजे आपला रंग हाय." आणि इतक्या रडण्यातही ते थोडे हसले. मॅडम कपाळ चोळत स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "घाम लालचा वाटतोय. पण बाहुल्यांवरून काही सांगता येत नाही, गावात डोळ्यांत थेंब घातलेत. तोंडाला लसणासारखा वास येतोय. जेवणात लसूण होता?" भाऊजी म्हणाले, "ठेचा वाटतेच न ते रोज." "मग निळं धरू. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळी येईल, तोवर इंजेक्शन देत नाही." आणि त्या आत गेल्या. लसूण. लाल ड्रम उघडला की पूर्वी, मला वास येत होता तेव्हा, कसला वास यायचा? मी आठवून पाहिलं. वास शब्दात आठवतो, नाकात आठवत नाही.

कारण एक गोष्ट त्या वऱ्हांड्यात मला एकट्यालाच माहीत होती, किंवा माहीत होती असं मला वाटत होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. दसऱ्याला आम्ही नागपूरला जातो, दीक्षाभूमीवर, बाईचं लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. गाडी चार वाजता निघणार होती, बाई स्टँडवर भाकरीचं गठुडं घेऊन बसलेली, आणि इकडे भगवानराव म्हणाले, "दीपू, चाळीस लाल भरून ठेव अन् मंग जा." मी भरल्या. आणि लाल झाकणं संपली. पोत्यात हात घालून शोधलं, सगळी निळी. मालक जेवायला गेलेले. फोन केला तर म्हणाले, "लाव न निळे. झाकनानं काय होते? सोमवारी लाल येतीन तं बदलवून टाकजो." निळी झाकणं त्या बाटल्यांना सैल बसत होती. गळू नये म्हणून मी तोंडाला दोऱ्याचे दोन वेढे दिले आणि वरून झाकण फिरवलं. पोती शिवायचा जाड दोरा, हिरवा, आमच्या दुकानात रीळच्या रीळ पडलेले असतात. चाळीस बाटल्या, चाळीसदा दोन वेढे, आणि बाईचा फोन की गाडीवाला हॉर्न वाजवून राह्यला. मी पळत सुटलो. गाडीत ती मला सरकून जागा देत म्हणाली, "तुह्यामुळं सगळे खोळंबले. कोनतं येवढं मोठं काम करून राह्यला होता रे?" मी हसलो. दुसऱ्या दिवशी तिकडे एका मंडपात मी पाणी वाटलं, त्यांनी गळ्यात कार्ड घातलं, आणि बाईनं त्या कार्डाची पिन स्वतःच्या हातानं सरळ केली. तिचा ऊर भरून आला होता. तेच कार्ड मी इथं घालत होतो.

आता प्रश्न असा की सोमवारी मी झाकणं बदलली का? लाल झाकणांची नवी पिशवी आली, हे आठवतं. मी गोदामात खाली बसलो, पहिली बाटली मांडीत घेतली, हेही आठवतं. पुढचं आठवत नाही. कधी मला दिसतं की मी एकेक निळं झाकण काढतोय, दोरा उकलतोय, लाल बसवतोय, चाळीसच्या चाळीस. आणि कधी दिसतं की कुणीतरी हाक मारली, मी उठलो, आणि त्या बाटल्या निळ्यांच्या खोक्यात जाऊन पडल्या. दोन्ही तितकंच खरं वाटतं. करायचं ठरवलेलं काम केल्यासारखं वाटतं ना, तसं. गॅस बंद केला का, कडी लावली का. माणूस अर्ध्या रस्त्यातून परत येऊन पाहतो. मला कुठं परत जाऊन पाहता येणार होतं? आणि समजा बदलली असली, तर बाईनं निळंच वापरलं, मॅडमचं बरोबर, आणि मी मधे तोंड घालून तिला नको ती सुई द्यायला लावली तर मी तिचा घातच केला. समजा बदलली नसली, तर ह्या घटकेला ती आत सुईवाचून पडली आहे. बोललो तरी मी मारेन, गप्प राहिलो तरी मी मारेन. भाऊजी माझ्या शेजारी बसून एका माणसाला सांगत होते, "माहा साळा हाय दवाखान्यात. त्याची लय वळख हाय इथं. आता कायजी नाई."

तेवढ्यात मालकांचा फोन आला. मी जिन्याखाली गेलो. "किती झाल्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सात. मालक, माही बहीण हाय इथं." त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मला भरून आलं. "अरे, आपल्या घरचीच बाई. मी गाडी पाठवतो, तिले नागपूरले नेऊ, चांगल्या दवाखान्यात. तू कायजी नको करू दीपू. पन तू पयले त्या बाटल्या घेऊन इकडे ये. अन् डाक्टरपाशी काई बोलू नको." मी म्हटलं, "झाकनाचं सांगा लागन, मालक. ते निळ्या झाकनातलं लाल..." "कोनतं झाकन?" ते म्हणाले. अगदी साधं, विसरलेला माणूस विचारतो तसं. "झाकनं तूच लावतो न बाबा? बाटल्या धुते कोन, भरते कोन? दवाखान्यातून बाटल्या गोया करत फिरते कोन, सगळ्यायनं पाह्यलं. मी तं खुर्चीवर बसलो रायतो. तू सांगशीन तं तूच अडकशीन, अन् मंग तुह्या बहिनीले नागपूरले कोन नेईन? म्हून म्हनतो, ये." ही माया होती की धमकी, मला आजही सांगता यायचं नाही. बहुतेक त्यांनाही यायचं नाही. कळंबहून गाडी यायला तास तरी, मी आधी तिकडे जायचं, मग गाडी इकडे, मग नागपूर. हिशेब मला समजत होता. तरी पाय गाडीच्या स्टँडकडे निघाले होते, दवाखान्याच्या दारातल्या अर्ध्या पायऱ्या उतरलेही होते. मला भीती वाटत होती. बाईसाठी वाटत होती की स्वतःसाठी, हे वेगळं करून दाखवता येत नाही.

बाहेरच्या नळापाशी मी बॅग उघडली. सात बाटल्या, त्यांतल्या पाच निळ्या. बाईची कोणती ते लगेच कळलं, तिनं तिला धरायला फडक्याची पट्टी बांधली होती. झाकण फिरवलं. सैल होतं, पण सैल तर वापरून वापरूनही होतं. आत दोरा नव्हता. मी बोट फिरवून पाहिलं, आट्यांमध्ये, कडेला. नव्हता. म्हणजे झाकणं मी बदलली होती. म्हणजे हे निळंच. मला हसूसुद्धा आलं, आणि पुढच्याच क्षणी वाटलं की दोरा पडून गेला असला तर? तिनं मोजायला दहादा झाकण काढलं असेल. मी बाटली नाकाशी नेली. काही नाही. पाण्याला येतो तेवढाही वास नाही. शेजारी एक बाई भांडं घासत होती, ती तोंडाला पदर लावून बाजूला सरकली. तिला विचारावंसं वाटलं, कसला वास आला तुम्हाला? पण काय म्हणून विचारू? चोराच्या मनात चांदणं. मी बॅग लावली आणि आत गेलो, म्हटलं जाण्याआधी एकदा बाईला बघून घेऊ.

ती खिडकीजवळच्या खाटेवर होती. खाटेच्या दोन्ही बाजूंना आणखी माणसं, खालीही गाद्या. ती मला ओळखू येईना इतकी लहान दिसत होती. अंगाला घाम सुटला होता, केस कपाळाला चिकटलेले, ओठांच्या कडेनं लाळ, आणि दंडाचं मांस आपोआप फडफडत होतं, बैल माशी उडवायला कातडी हलवतो तसं. मी वाकलो तेव्हा गळ्यातलं कार्ड पुढं लोंबलं आणि तिच्या हाताला लागलं. तिनं डोळे किलकिले केले, कार्ड बोटांनी चाचपलं. "पानी वाटून राह्यला का, बापू?" तिला वाटत होतं आपण नागपूरला आहोत. मी म्हटलं, "हो बाई." "सगळ्यायले पुरव," ती म्हणाली. आणि ती बोटं कार्डावरून घसरली तेव्हा मला दिसलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला तिनं चिंधी बांधली होती, विळ्यानं कापलं असेल, आणि चिंधीवर दोरा. जाड. हिरवा. दोन वेढे आणि गाठ. बाईनं आयुष्यात काही टाकून दिलेलं नाही. झाकणाखाली दोरा सापडला, चांगला मजबूत, तिनं तो उकलून घेतला आणि कापलेल्या बोटाला बांधला. औषधानं ओला असेल तो. आमच्या दुकानातला दोरा दुसऱ्या कुठं मिळत नाही असं नाही, पण एवढ्याच लांबीचा, एका टोकाला माझ्या दातानं तोडल्याची चपटी खूण असलेला, तो मी ओळखला. मी चाळीसदा तोडला होता.

नंतरचं मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. मी आधी तो दोरा तोडला, चिंधी ओढून काढली, आणि ओरडलो. मॅडम धावत आल्या. मी म्हटलं, "लाल धरा." त्या म्हणाल्या, "काय?" "निळं नाई हे, लाल हाय. झाकन निळं, आतलं लाल. तो लसूण ठेच्याचा नाई. सुई द्या, मॅडम, लौकर द्या." "तुम्हाला कसं माहीत?" त्यांनी विचारलं. भाऊजी दारातून आत आले होते आणि माझ्याकडे पाहत होते, अजून विश्वासानंच. मी बॅगेची चेन ओढली. खाटेवर बाईच्या पायाशी सात बाटल्या काढून ठेवल्या. "झाकन मीच लावलं," मी म्हटलं. "मीच भरतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी लाल झाकनं सरले होते. या बाटल्या बी तपासाले नाई देल्या, या माह्यापाशीच होत्या." मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी नर्सला हाक मारली, सुई भरली, दिली, घड्याळ पाहिलं, पुन्हा भरली. माझा फोन खिशात वाजत होता. कळंबचा असणार. भाऊजी माझ्याजवळ आले, माझा हात धरला, सोडला, पुन्हा धरला, आणि म्हणाले, "म्हंजे तू...?" एवढंच. पुढचा शब्द त्यांना सुचवायची माझ्यात हिंमत नव्हती.

मॅडम मागे न बघता म्हणाल्या, "तुमचं नाव सांगा. पूर्ण." मी सांगितलं, संघदीप श्रीपत थूल. त्यांनी वहीत लिहिलं, आणि मग निळ्या रकान्यावर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत नेलं. एकवीस नावं होती. मी वाचली नाहीत, मोजली. "ह्यातली कोणती?" त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं. सोमवार. नवी पिशवी. मांडीतली पहिली बाटली. मी एकही झाकण बदललं नव्हतं, की काही बदलली होती आणि ही एक राहून गेली? अर्ध्यावर उठलो होतो का मी? कोणत्या अर्ध्यावर?

आणि तोवर वऱ्हांड्यात बातमी गेली होती. मला वाटलं आता मारतील. मी भिंतीकडे सरकलोही. दारात माणसं गोळा झाली, चार, सहा, मग मोजता येईनात इतकी. पण कुणी हात उगारला नाही. सगळ्यांत पुढं एक म्हातारा होता, पूनमसिंग म्हणून, डोक्याला पागोटं, त्याचा मुलगा तिसऱ्या खाटेवर होता आणि सकाळी मी त्यालाही विचारलं होतं, बाटली आणली का. त्यानं तेव्हा दिली नव्हती, विसरलो म्हणाला होता. आता त्यानं ती धोतराच्या सोग्यातून काढली. निळं झाकण. त्याच्या मागं आणखी हात, आणखी पिशव्या. म्हाताऱ्यानं बाटली दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, भाऊजींनी धरली होती अगदी तशी, आणि विचारलं, "आमची कोनती हाय, बापू? तुले मालूम हाय म्हनतेत."

मी बाटली घेतली. झाकण काढलं. दोरा नव्हता. त्याच्या मुलाच्या हाताकडे पाहिलं, तिथंही नव्हता. मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, नीट पाहिलं, आणि विचारलं, "बाबा, तुमी घेतली कोनत्या दिवशी? दसऱ्याच्या पयले का नंतर?"

तो विचार करायला लागला. त्यालाही आठवत नव्हतं.